घरी केलेले स्पीकर आणि आट्यांच्या रॉडचा रॅक: आठ महिने वापरल्यावर

स्पीकर झाल्या झाल्या लिहायला बसलो असतो तर चार ओळींत आटपलं असतं: आवाज अफाट, खर्च निम्मा, सगळ्यांनी करून बघा. पण पहिल्या पंधरवड्यात माणूस गाणं ऐकतच नाही, स्वतःची मेहनत ऐकतो. म्हणून मुद्दाम थांबलो. आता आठ महिने झालेत, रोज दोन-तीन तास वाजतात, दोनदा पूर्ण उघडून झालेत. बऱ्यावाईटासकट सांगतो.

आधी सामान. खालच्या सुरांसाठी साडेसहा इंची वूफर, वरच्या सुरांसाठी एक इंची सिल्क डोमचा ट्वीटर, १८ मिमी एमडीएफची दोन खोकी. अँप्लिफायर, डॅक (डिजिटल गाण्याचा विद्युत संकेत करणारी डबी) आणि रेकॉर्ड वाजवायचं टर्नटेबल ठेवायला चार फळ्यांचा रॅक. पैशांपैकी जवळपास निम्मे ड्रायव्हरवर, म्हणजे वूफर-ट्वीटरवर, गेले आणि तो निर्णय मी आजही बदलणार नाही. वूफर निवडताना रबरी सराउंडचा हट्ट धरला होता. कोनाभोवतीची ती लवचिक कड फोमची असली की काही वर्षांत भुगा होऊन झडते. जुने स्पीकर उघडलेल्यांना तो चिकट काळा चुरा माहीत असेल.

खोक्याचं माप मात्र मनाने काढू नका. नेव्हिल थील यांनी १९६१ साली आणि त्यानंतर रिचर्ड स्मॉल यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला हे गणित मांडलं, तेव्हापासून या धंद्यातलं अंदाजपंचे दाहोदरसे संपलं. वूफरच्या माहितीपत्रकात तीन आकडे शोधायचे: एफएस (वूफर स्वतःहून ज्या सुराला घुमतो तो), क्यूटीएस (ते घुमणं किती आवरलेलं आहे ते) आणि व्हीएएस (कोनाच्या लवचिकतेइतकी लवचिक हवा किती लिटर ते). माझ्या वूफरचे अनुक्रमे ४५ हर्ट्झ, ०.३८ आणि २० लिटर. विनआयएसडी हे मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात हे टाकले आणि १६ लिटरचं पोर्टवालं, म्हणजे हवेची उघडी नळी असलेलं, खोकं पक्कं केलं. वूफरचं चुंबक, पोर्टची नळी आणि आतली आडवी पट्टी यांची जागा धरून आतलं माप १८ × २५ × ३९ सेंमी ठेवलं, म्हणजे साडेसतरा लिटर. पोर्टला ५० मिमी आतल्या व्यासाचा पाइप, लांबी साधारण साडेचौदा सेंटिमीटर, ट्यूनिंग ४५ हर्ट्झ, म्हणजे त्या सुराला नळीतली हवा घुमून बेसला जोर देते. ही लांबी लक्षात ठेवा, तिची गंमत पुढे येते.

लाकूडकामावर फार लिहीत नाही. फळ्या एकाच मशीनवर एकाच बैठकीत कापून घ्या, हातकरवतीने सरळ कापायचा नाद सोडा. एमडीएफची धूळ पिठासारखी बारीक असते आणि दिवसभर हवेत तरंगते. साधा रुमाल बांधून भागत नाही, चांगला मास्क लागतोच. मी पहिल्या दिवशी रुमालावर भागवलं आणि रात्रभर खोकलो.

आता ज्या ठिकाणी फसलो ते. क्रॉसओव्हर, म्हणजे खालचे सूर वूफरला आणि वरचे ट्वीटरला वाटून देणारं सर्किट, स्वतः करण्याची भीती वाटली म्हणून तयार बोर्ड आणले. दिसायला झकास, तांब्याची वेटोळी, सोनेरी स्क्रू, वर लिहिलेलं ३ किलोहर्ट्झ, म्हणजे ही वाटणी जिथे होते तो सूर. जोडलं, वाजलं, आनंदीआनंद. तिसऱ्या आठवड्यात लक्षात आलं की तासाभराने मी आवाज कमी करतोय. गायिकेचा ‘स’ आणि ‘श’ सुईसारखा टोचायचा आणि तरीही तोच आवाज कुठेतरी मागे, पडद्याआड असल्यासारखा. एकाच वेळी टोचरा आणि दबका. हे दोन्ही कसं काय, ते कळेना.

शेवटी मापाचा माइक मित्राकडून मागून आणला आणि आरईडब्ल्यू हे आवाज मोजायचं मोफत सॉफ्टवेअर लॅपटॉपवर चढवलं. स्पीकर स्टुलावर ठेवून ट्वीटर जमिनीपासून एक मीटरवर आणला, माइकही तेवढ्याच उंचीवर आणि एक मीटर अंतरावर. जमिनीवर आपटून येणारा आवाज सुमारे ३.६ मिलिसेकंद उशिरा पोचतो, तेवढ्यातच माप कापलं की खोलीचा गोंधळ बाहेर राहतो. या पद्धतीत २८० हर्ट्झच्या खालचं काही विश्वासाने सांगता येत नाही, पण मला हवं होतं ते सगळं त्याच्या वरच होतं. आलेख बघितला आणि हसूच आलं. ३ किलोहर्ट्झच्या आसपास विहीर खणल्यासारखा खड्डा, आणि त्याच्या पुढे ट्वीटर सरळ डोंगरावर.

खड्ड्याचं कारण फुकटात सुटणारं निघालं. माझ्या बोर्डसारख्या दुसऱ्या ऑर्डरच्या (प्रत्येक बाजूला एक कॉइल, एक कपॅसिटर) फिल्टरमध्ये वूफर आणि ट्वीटर जिथे एकमेकांना भेटतात तिथे दोघांच्या लाटा जवळजवळ उलट्या असतात, एक ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो. ट्वीटरच्या दोन वायरी अदलाबदल केल्या, पुन्हा मोजलं, खड्डा भरला. तीन आठवडे मी जे ‘पडद्याआड’ म्हणत होतो ते दोन वायरींचं काम होतं!

डोंगराचं मात्र तसं नव्हतं. तेवढ्याच विजेवर वूफर ८६ डेसिबल वाजतो, ट्वीटर ९०, बोर्डवर हा फरक मिटवणारं काहीच नाही. शिवाय समोरची फळी जेमतेम साडेएकवीस सेंमी रुंद. इतक्या अरुंद फळीवर साधारण ५३० हर्ट्झच्या खाली आवाज पुढे यायच्या ऐवजी स्पीकरला वळसा घालून मागे जायला लागतो, म्हणजे वूफर आणखी मार खातो. तयार बोर्ड करणाऱ्याला ना माझी फळी माहीत, ना माझे ड्रायव्हर. दोष त्याचा नाही, तो बोर्ड कुठल्याही स्पीकरला बसेल असा समज करून घेणाऱ्या माझा.

मग व्हिट्यूइक्सकॅड हे क्रॉसओव्हर आखायचं सॉफ्टवेअर घेऊन पंधरा दिवस बसलो आणि स्वतःचा क्रॉसओव्हर केला. ट्वीटरला सहा डेसिबल खाली आणायला ४ ओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये आणि ८ ओहमचा समांतर, बास. गणित तोंडी पडताळता येतं: ८ ओहमचा ट्वीटर आणि ८ चा रेझिस्टर समांतर म्हणजे ४, त्यात आधीचे ४, एकूण पुन्हा ८, आणि ट्वीटरला व्होल्टेज निम्मं. ट्वीटरच्या वाटेतला कपॅसिटर फिल्मचा घेतला, बाकी ठिकाणी साधे बायपोलर इलेक्ट्रोलिटिक. दोन कॉइल शेजारी शेजारी ठेवल्या तर एकमेकींशी कुजबुजतात, म्हणून एक आडवी आणि एक उभी, शक्य तितक्या लांब. तयार बोर्ड आता ड्रॉवरमध्ये आहेत. त्यांचे पैसे वाया गेले असंच धरलंय.

वायरीबद्दल एकच सांगतो, कारण हे मला हटकून विचारतात. २.५ चौरस मिमीची साधी तांब्याची वायर आहे. अँप्लिफायरपासून तीन मीटर, जाऊन-येऊन सहा, एकूण रोध ०.०४ ओहमच्या आसपास. क्रॉसओव्हरमधल्या एका कॉइलचाच त्याच्या कितीतरी पट असतो. त्यामुळे महागडी केबल हा विषय माझ्यापुरता बंद.

आता रॅक. हा खरं तर नंतर सुचलेला, उरल्यासुरल्या पैशांतला प्रकार. एम१२ चे, म्हणजे १२ मिमी जाडीचे, एक मीटर लांब चार आट्यांचे रॉड, १८ मिमी प्लायच्या चार फळ्या, प्रत्येक फळीच्या प्रत्येक कोपऱ्यावर वर एक नट, खाली एक नट. म्हणजे ३२ नट आणि ३२ वॉशर. कागदावर अर्ध्या तासाचं काम. प्रत्यक्षात एम१२ चा नट एका फेऱ्यात पावणेदोन मिलिमीटर सरकतो. मधल्या फळीपर्यंत, चाळीस सेंटिमीटरवर, नट न्यायचा तर सव्वादोनशेहून जास्त फेरे, आणि असे नट एक-दोन नाहीत. अंगठ्याची साल गेल्यावर युक्ती सुचली: रॉड ड्रिलच्या चकमध्ये धरायचा, नट पान्यात अडकवून स्थिर ठेवायचा आणि हळू वेगात रॉडच फिरवायचा. नट झरझर चढतो. फक्त चकच्या जबड्याखाली कापड गुंडाळा, नाहीतर आटे चेपतात आणि मग तिथून नट जातच नाही.

त्या पावणेदोन मिलिमीटरचा फायदाही आहे. पाणसळ फळीवर ठेवायची आणि ज्या कोपऱ्याला गरज आहे तिथला नट पाव फेरा फिरवायचा. माझ्या घरातली जमीन किती तिरकी आहे हे मला रॅकमुळे कळलं.

चूक मापात झाली. फळी ५५ सेंमी रुंद, भोकांचे मध्य कडेपासून ५ सेंमी आत. मी खुशीत की अँप्लिफायर ४३ सेंमीचा, जागा ऐसपैस. पण दोन रॉडच्या मध्यांमधलं अंतर ४५, त्यातून रॉडची जाडी १२ मिमी वजा करा, उरले ४३.८. दोन्ही बाजूंना चार-चार मिलिमीटर! म्यानात तलवार सरकवावी तसा अँप्लिफायर आत जातो आणि प्रत्येक वेळी माझा श्वास अडकतो. भोकं कडेपासून तीन सेंमीवर पाडा, एवढंच सांगेन. फळीची पुढून मागची लांबी मात्र ४५ सेंमी ठेवली ते बरं झालं, कारण मागच्या जोडण्यांना आणि वायरींच्या वळणाला सात-आठ सेंमी लागतातच. अँप्लिफायर सगळ्यात वरच्या फळीवर आहे, त्याच्या डोक्यावर मोकळी हवा. सुरुवातीला तिथे टर्नटेबल होतं. कोणी खोलीतून जरा धपधप चाललं की सुई उडी मारायची. उंच, सडपातळ रॉडचा रॅक बाजूला डोलतो, त्याला इलाज नाही. टर्नटेबलला भिंतीत स्वतंत्र फळी ठोकली, प्रश्न मिटला. अँप्लिफायरच्या ट्रान्सफॉर्मरपासून लांब गेल्यामुळे सुईच्या काट्रिजमधली बारीक घरघरही गेली, हा वरचा नफा.

चौथ्या महिन्यात डाव्या स्पीकरमधून झर्र असा आवाज यायला लागला. सगळ्या गाण्यांत नाही, ठरावीक खालच्या सुरालाच. टोन जनरेटर लावून सूर हळूहळू चढवला, ५८ हर्ट्झच्या आसपास पकडला. वूफर काढला, आत चाचपलं, टर्मिनलचा कप पुन्हा सील केला, पॉलिएस्टरचा कापूस नव्याने लावला. आवाज तसाच. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा उघडला. तिसऱ्यांदा बसवताना एमडीएफमधले स्क्रू नुसतेच फिरायला लागले, भोकांचा भुगा झाला होता. मी जमिनीवर बसून त्या भोकांकडे बघतोय, तेवढ्यात धाकटी बहीण रॅकला टेकून उभी राहिली आणि आवाज बंद.

“दादा, हे इथून येतंय,” असं म्हणत तिने हात उचलला. झर्र. हात ठेवला, शांत.

डाव्या स्पीकरला लागून असलेल्या रॉडवरचा, दुसऱ्या फळीखालचा एक वॉशर सैल झाला होता. वॉशरच्या दाबाने प्लाय हळूहळू बसतो आणि आवळलेला नट आपोआप ढिला पडतो, हे तेव्हा कळलं. दोन महिन्यांनी सगळे नट एकदा पुन्हा आवळले असते तर दोन संध्याकाळी वाचल्या असत्या. वूफरला आता टी-नट (फळीत मागून ठोकायचे धातूचे नट) आणि मशीन स्क्रू आहेत, कितीही वेळा उघडा. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

आणि ती पोर्टची गंमत. माझी खोली चार मीटर लांब. समोरासमोरच्या भिंतींमध्ये पहिली मोठी लाट उभी राहते ती ३४३ भागिले ८, म्हणजे ४३ हर्ट्झला. मी एवढं गणित करून पोर्ट कशाला ट्यून केला? ४५ ला. जिथे खोली आधीच घुमत होती, नेमकं तिथेच मी जास्तीचं इंधन ओतलं. पहिले दोन महिने याला मी ‘दणदणीत बेस’ म्हणत होतो. नंतर तबल्यातल्या डग्ग्याचा प्रत्येक ठोका सारख्याच लांबीचा ऐकू यायला लागला तेव्हा शंका आली. मोजून मापून केलेल्या पोर्टात शेवटी मोजा गेला, जुना, लोकरीचा, घट्ट गुंडाळून. खोकं बंद झालं, क्यूटीसी (बंद खोक्यात बसलेल्या वूफरचा क्यूटीएस) ०.५७ वर आला, बेस खाली उतरताना आता हळूहळू उतरतो आणि भिंती त्याला हवा तेवढा हात देतात. डग्ग्याची मींड पहिल्यांदा नीट ऐकू आली ती मोजा कोंबल्यावर. मोठ्या खोलीत राहायला गेलो तर मोजा काढेन.

आठ महिन्यांनी दिसण्याचं काय? रंग दिला तेव्हा आरशासारखा गुळगुळीत होता. आता वरच्या फळीचा जोड रंगाखालून रेघ होऊन दिसतो, तिरप्या उजेडात जास्तच. एमडीएफच्या कापलेल्या कडा ओलावा पितात आणि फुगतात. कडांना आधी पातळ गोंदाचे दोन हात देऊन घासायला हवं होतं. पुन्हा केले तर विनियर लावेन. या जोडीला मात्र आता पॉलिश पेपर लावणार नाही, त्या रेघेशी माझं जमलंय.

रॅकच्या रॉडची खालची टोकं फरशीवर ओरखडे काढत होती, तिथे डोम नट लावून खाली नमद्याचे तुकडे चिकटवलेत. एका कोपऱ्यातला नमदा परवा निसटलाय, तो तेवढा लावायचा राहिलाय.