म्हाताऱ्या मांजरीला पिसवांचा पट्टा, चार महिन्यांनंतरचा अनुभव

जूनच्या शेवटी पट्टा बांधला होता, आता ऑक्टोबर संपत आला म्हणून लिहितेय. सांगलीत विश्रामबागला आमचं तळमजल्यावरचं घर, पावसाळा लागला की पिसवा इतक्या होतात की माणसांच्या पायालाही चावतात. मनी १४ वर्षांची आणि बंड्या बोका २ वर्षांचा, दोघांनाही एकाच कंपनीचा इमिडाक्लोप्रिड आणि फ्लुमेथ्रिन या कीटकनाशकांचा पट्टा घेतला, ८ महिने चालतो असं पाकिटावर होतं.

पिसवांचं म्हणाल तर काम चोख. थोड्याच दिवसांत विंचरलं तरी एक पिसू मिळेना. मी इतकी खूश झाले की चार ओळखीच्यांना सांगितलं पण, आता त्यांच्यासाठीच मुख्य हे लिहितेय.

ऑगस्टमध्ये मनी गप्प गप्प व्हायला लागली, खाणं निम्म्यावर आलं, खिडकीत उडी मारायची बंद झाली, दिवसभर कपाटाखाली. आई म्हणाली वय झालं गं तिचं, आणि मलाही ते पटलं. चूक इथंच झाली. बंड्याला काही टोचलं असतं तर त्याने ओरबाडून घर डोक्यावर घेतलं असतं, ही बिचारी नुसती बसून राहिली.

एका संध्याकाळी मांडीवर घेऊन पट्ट्याखाली बोट घातलं तर बोटाला ओलं लागलं आणि केसांचा पुंजका हातातच आला. बॅटरी लावून बघितलं, गळ्याभोवती बोटभर रुंद लालभडक वळ आणि एका जागी पू. वरून दाट केस, त्यामुळे एवढे दिवस काही दिसलंच नाही. तिथल्या तिथं कात्रीने पट्टा कापला. आई हळद घेऊन आली, आमच्याकडे जखमेला पहिली हळदच, पण डॉक्टर फोनवर म्हणाले काही लावू नका, मांजर सगळं चाटून पोटात घालतं, कोमट पाण्याने मान पुसा आणि घेऊन या.

मिरजेला नेलं, रक्त तपासलं तर क्रिएटिनिन वाढलेलं, म्हणजे किडनी नीट काम करत नव्हती. किडनीचं दुखणं वयाचं, ते पट्ट्याने झालेलं नाही असं डॉक्टरांचं मत, पण त्यामुळे वजन उतरलं, दोन बोटं जातील असा बांधलेला पट्टा सैल होऊन घासत राहिला, त्यात औषधाने कातडीची आग. पाकिटावर बारीक अक्षरात होतं की वयस्कर, आजारी प्राण्याला डॉक्टरांना विचारून बांधा. मी वाचलं नव्हतं.

लाळ गळणं, उलट्या, थरथर, चालताना तोल जाणं यातलं काहीही दिसलं तर पट्टा काढून लगेच डॉक्टर गाठा, सकाळची वाट बघू नका. आणि दुकानदार "कुत्र्याचंच औषध थोडं कमी लावा" म्हणाला तर अजिबात ऐकू नका, त्यात पर्मेथ्रिन नावाचं कीटकनाशक असलं तर मांजराच्या लिव्हरला ते पचवता येत नाही, जीव जाऊ शकतो.

जखम तीन आठवड्यांत भरली, मनी परत खायला लागली, किडनीचं वेगळं खाणं चालू आहे. आता बारीक फणीने रोज विंचरते आणि फणी साबणाच्या पाण्यात बुडवते, गोधड्या आठवड्याला गरम पाण्यात, सोफ्याखाली व्हॅक्यूम, कारण पिसवांची अंडी नि अळ्या अंगावर कमी आणि घरातच जास्त असतात. कष्ट आहेत, पण पिसवा आटोक्यात आहेत.

बंड्याला पट्ट्याचा काहीच त्रास नव्हता, तरी त्याचाही काढला. मनी रात्री त्याच्याशेजारी झोपते आणि त्याची मान चाटत बसते.