'युरिया बंद' करून घेण्याचा माझा अनुभव

न्हावा शेवा बंदरातून चाकणच्या कारखान्यांकडे कंटेनर वाहणारा माझा एक बीएस-६ (धुराच्या सध्याच्या कडक नियमांनुसार बनलेला) ट्रेलर आहे. गेल्या पावसाळ्यात खंडाळ्याच्या घाटात, भरल्या मालानिशी, त्याची ओढ एकाएकी उतरली. डॅशबोर्डवर युरियाचा, म्हणजे धूर शुद्ध करण्यासाठी त्यात फवारल्या जाणाऱ्या द्रावणाचा, दिवा लागला आणि मागे वाहनांची रांग लागली. सहा महिन्यांत ही तिसरी वेळ होती. या त्रासाला कंटाळून मी महामार्गालगतच्या एका गॅरेजमधून 'युरिया बंद' करून घेतला. त्या कामाचा हा अभिप्राय आहे. गॅरेजचे नाव मी लिहीत नाही, कारण माझा आक्षेप त्या एका माणसावर नसून तो जे काम विकतो त्यावर आहे.

काम दीड तासात झाले आणि २२,००० रुपये लागले. मेकॅनिकने काडेपेटीएवढी एक काळी डबी दाखवली, तिच्या चार तारा गाडीच्या वायरिंगला जोडल्या, वर चिकटपट्टी गुंडाळली आणि फ्यूज बॉक्सच्या मागे ती खोचून दिली. ही डबी इंजिनाच्या संगणकाला सतत खोटे सांगत राहते की युरिया पुरेसा आहे, त्याची फवारणी नीट चालू आहे आणि धूर शुद्ध होऊन बाहेर पडतो आहे. बिलावर मात्र 'वायरिंग दुरुस्ती' एवढेच लिहिले होते. काजळी अडवणारा जाळीदार फिल्टर काढून सायलेन्सरही मोकळा करून देतो, असे तो म्हणाला होता. ते मी नाकारले.

बचतीचा हिशेब करूनच मी गेलो होतो, हे मान्य करतो. ट्रेलरला महिन्याला सुमारे दीड हजार लिटर डिझेल लागते आणि शंभर लिटरमागे पाचेक लिटर युरिया धरला, तर महिन्याचे चार हजार रुपये वाचणार होते. पहिले दोन महिने ते वाचलेही. दिवा लागला नाही, घाटात गाडी अडली नाही. पीयूसीत काही कळणार नाही, हे गॅरेजवाल्याचे म्हणणेही खरे ठरले.

ते का खरे ठरले, हे मी नंतर समजून घेतले. डिझेल गाडीच्या पीयूसीत ॲक्सिलरेटर दाबून धुराची घनता मोजतात. नायट्रोजन ऑक्साइड त्यात मोजलेच जात नाहीत, आणि युरियाची सगळी यंत्रणा त्यांच्यासाठीच बसवलेली असते. साडेबत्तीस टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी असे हे द्रावण तापलेल्या धुरात फवारले की त्याचा अमोनिया होतो, आणि उत्प्रेरकावर तो नायट्रोजन ऑक्साइडचे साधा नायट्रोजन व पाणी असे रूपांतर करतो. अवजड गाड्यांसाठी आधीच्या बीएस-४ नियमांत नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा प्रति किलोवॅट-तास ३.५ ग्रॅम होती. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या बीएस-६ मध्ये ती ०.४० ग्रॅमवर आली. एवढी मोठी घट मुख्यतः या फवारणीच्या जोरावर शक्य झाली आहे, त्यामुळे ती थांबली की काळा धूर न दिसताही गाडी कित्येक पट अधिक विषारी वायू सोडत राहते. बंदराबाहेरच्या रांगेत इंजिन चालू ठेवून तासन्‌तास थांबावे लागते तेव्हा डोळे चुरचुरतात, अशी तक्रार माझ्या चालकाने तिसऱ्या महिन्यात केली. डबीबद्दल मी त्याला काहीच सांगितले नव्हते. त्याचे मला आजही वाईट वाटते.

चौथ्या महिन्यात डबीनेच दगा दिला. गाडीची ओढ पुन्हा गेली आणि या वेळी डबीची कोणतीही युक्ती चालेना. गॅरेजवाल्याने हात वर केले. दुसऱ्या एका वर्कशॉपमध्ये गाडी उघडली, तेव्हा फवारणीच्या नोझलवर मिठागरातल्या मिठासारखा पांढरा, टणक थर साचलेला दिसला. महिनोन्‌महिने न वापरलेला युरिया नळीत आणि पंपात सुकून बसला होता. पंप आणि नोझल दोन्ही बदलावे लागले आणि त्या २२,००० च्या तिपटीहून अधिक खर्च आला. या वर्कशॉपने सहा दिवस घेतले आणि आधी लेखी अंदाजपत्रक दिले नाही, ही त्यांची उणीव आहे. पण टाकीतल्या युरियाचा थेंब त्यांनी रिफ्रॅक्टोमीटरवर (द्रावणातले प्रमाण मोजणाऱ्या उपकरणावर) ठेवून मला दाखवला. त्याचे प्रमाण साडेबत्तीस टक्क्यांच्या बरेच खाली होते. माझा मूळ त्रास इतका साधा होता. वाटेत सुट्या कॅनमधून घेतलेला पाणी घातलेला युरिया गाडी ओळखत होती आणि म्हणून दिवा लावून ओढ कमी करत होती. पहिल्या गॅरेजने तो थेंब तपासला असता, तर डबी लावण्याची वेळच आली नसती.

कायद्याची बाजूही मला तिथे कोणी सांगितली नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीत असलेल्या मूळ रचनेशी विसंगत बदल करता येत नाही, आणि कलम १८२ए प्रमाणे असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. बिलावर 'वायरिंग दुरुस्ती' लिहिणाऱ्याला हे ठाऊक नसेल, असे मला वाटत नाही.

ज्यांच्या गाडीला असाच दिवा लागतो आहे, त्यांनी गॅरेज शोधण्याआधी टाकी पूर्ण रिकामी करून घ्यावी, आयएसओ २२२४१ (या द्रावणाचे आंतरराष्ट्रीय मानक) लिहिलेला सीलबंद कॅन स्वतःसमोर उघडावा आणि युरियासाठी वेगळे नरसाळे ठेवावे. डिझेलचे नरसाळे त्यात कधीही वापरू नये. मी तसे करू लागल्यापासून ट्रेलरने खंडाळ्याचा घाट अनेकदा भरल्या कंटेनरसह चढला आहे आणि दिवा एकदाही लागलेला नाही.