गुलमर्गच्या वादळात: अफरवट की जंगल?

बर्फ कोसळत असताना गुलमर्गला स्कीइंगसाठी दोन जागा खुणावतात: वरच्या अफरवट शिखराचे उघडे उतार आणि खालचं सूचिपर्णी जंगल. मोह अफरवटचाच होतो. पण हिमस्खलनं मुख्यतः ३० ते ४५ अंशांच्या उतारांवरच होतात. वाऱ्याने आणून टाकलेल्या बर्फाची तिथे घट्ट लादी बनते. खालचा थर कच्चा असेल तर एका माणसाच्या वजनानेही ती सुटते. वादळ सरून ऊन पडलं तरी धोका लगेच सरत नाही.

जंगलात वारा अडतो, पुढचं दिसतं. मात्र विरळ झाडी बर्फ रोखत नाही, आणि वरून उतरणारी घळ टाळायलाच हवी. मी जंगलच निवडेन, तेही ३० अंशांखालचं. बीकन (गाडलेल्याची जागा दाखवणारं संदेशयंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), फावडं दोन्हीकडे हवंच: गाडलेल्या सोबत्याच्या हाती मोजकी मिनिटं असतात.