युरोपचा जीडीपीआर आणि आपला डेटा कायदा

युरोपात जीडीपीआर हा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २५ मे २०१८ पासून लागू आहे. आपला डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा. कंपनीकडची आपली माहिती पाहणं, दुरुस्त करून घेणं, पुसायला लावणं हे हक्क दोन्हीकडे आहेत.

खरा फरक पैशात दिसतो. जीडीपीआरखाली दंड २ कोटी युरो किंवा जगभरातल्या वार्षिक उलाढालीच्या ४ टक्के, यातलं जे जास्त असेल तिथपर्यंत जातो. शिवाय नुकसान झालेल्या माणसाला भरपाई मागता येते. आपल्याकडे कमाल दंड २५० कोटी रुपये, तोही सरकारजमा. ज्याची माहिती फुटली त्याच्या हाती या कायद्यातून भोपळा! उलट त्याने खोटी तक्रार केली तर त्यालाच १०,००० रुपयांपर्यंत दंड.

फाइलींत नीट लावलेले कागदही जीडीपीआरच्या कक्षेत येतात, आपला कायदा फक्त डिजिटल माहितीपुरता. म्हणजे सोसायटीच्या गेटवरची ती वही, जिच्यात आपण नाव-नंबर लिहितो आणि आधीच्या दहा जणांचे वाचतो, ती सुटलीच.

एका बाबतीत मात्र आपण पुढे आहोत: आपल्या पश्चात हे हक्क बजावायला नॉमिनी नेमता येतो. जीडीपीआर मृतांच्या माहितीला लागूच होत नाही.