टाचदुखीसाठी मापाचे इनसोल : आठ महिन्यांनंतर

गेल्या पावसाळ्यात सिंहगडाच्या चढावरचा धावण्याचा सराव एकदम वाढवला आणि महिन्याभरात सकाळी पलंगावरून पाय खाली ठेवणं नको झालं. पहिली दहा-बारा पावलं टाचेत खिळा ठोकल्यासारखी, मग चालत राहिलं की जरा बरं. एक्स-रे काढला. "टाचेचं हाड वाढलंय," असा घरीदारी निकाल लागला. सासूबाईंनी तापवलेल्या विटेवर रुईची पानं ठेवून शेक दिला. छान वाटतं, शेकत असेपर्यंत.

फिजिओ म्हणाली, हाडाला दोष देऊ नका, असं वाढलेलं हाड टाच न दुखणाऱ्या कितीतरी जणांत सापडतं. दुखतोय तो टाचेपासून बोटांपर्यंत गेलेला तळव्याचा जाड पट्टा, प्लँटार फॅशिया. बसल्या जागी पाय जमिनीवर टेकवा आणि हाताने अंगठा वर उचला, पायाची कमान आपोआप चढते. रहाटावर दोर गुंडाळावा तसा तो पट्टा अंगठ्याच्या सांध्याभोवती ओढला जातो. धावताना दर पावलाला हेच. पोटऱ्या आखडलेल्या असल्या की ताण आणखी वाढतो, आणि माझ्या तर दगड झाल्या होत्या.

फोमच्या खोक्यात पाय दाबून साचा घेतला, आठवड्याने इनसोल, म्हणजे बुटात घालायचे मापाचे तळ, हातात. ६,५०० रुपये. डाव्या पायाची कमान इतकी उंच केली होती की तिसऱ्या दिवशी आतल्या बाजूला फोड. दोनदा घासून घेतले, दुसऱ्या खेपेला वर पैसे मागितले, त्यावरून वाजलंच. बुटातला मूळचा इनसोल काढून मग हा घालायचा, हे तर कुणी सांगितलंच नाही, टाच वर येऊन निसटत राहायची. शेवटी अर्धा नंबर मोठे बूट घेतले. हिशेब गेला साडेदहा हजारांवर.

सहा आठवड्यांत दुखणं निम्म्यावर आलं आणि तिथेच अडलं. पुढचं काम टॉवेलने केलं. पायरीच्या कडेवर उभं राहायचं, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी, एका पायावर तीन सेकंदांत वर, दोन सेकंद थांबायचं, तीन सेकंदांत खाली. बारा वेळा, एक दिवसाआड. डेन्मार्कमध्ये ४८ रुग्णांवर हे करून पाहिलंय. इनसोल सगळ्यांनाच दिले होते. निम्म्यांनी तळवा ताणायचं स्ट्रेचिंग केलं, निम्म्यांनी हा व्यायाम केला. तीन महिन्यांनी व्यायामवाले पुढे होते, वर्षाने दोघे सारखेच. मला शर्यतीआधी पुन्हा धावायला लागायचं होतं, त्यामुळे ते तीन महिनेच महत्त्वाचे.

आता आठवड्यात तीनदा दहा किलोमीटर होतात. घरात फरशीवर अनवाणी फिरलो तर दुसऱ्या दिवशी टाच अजून आठवण करून देते, म्हणून मऊ चप्पल. इनसोलचं कापड अंगठ्याखाली पांढरं पडलंय, टाचेखालचा फोम चेपलाय. हे फाटले की पुढच्या वेळी दुकानातले तयार आठशे-हजाराचेच घालून बघणार. टॉवेल आहेच.