पाच भारी पोरं की जुळणारी पाच?

पाऊस संपून कोर्टावरचं शेवाळ खरवडलं की दरवर्षी हाच विषय निघतो, बास्केटबॉलच्या टीममध्ये सगळ्यात भारी पाच उतरवायची की एकमेकांत बसणारी पाच? मी रत्नागिरीत दोन्ही करून बघितलंय म्हणून लिहितोय.

कागदावर भारी पाचच जिंकतात. आमच्याकडे दोन पोरं अशी होती की बॉल हातात आला की समोरचा चकलाच, वाटलं एकाला अडवलं तर दुसरा आहेच. पण कोर्टवर एक ड्रिबल करायला लागला की दुसरा कोपऱ्यात थांबायचाच नाही, टाळ्या वाजवत "दे रे, इकडे दे" करत बॉलकडे सरकायचा आणि येताना स्वतःचा डिफेंडरही सोबत घेऊन यायचा. म्हणजे आत घुसायला जी फट होती ती आपल्याच माणसाने बुजवली! शॉट मारायला मिळणाऱ्या २४ सेकंदांतले निम्मे असेच जायचे, मग घाईघाईत कसातरी शॉट. बाकी सगळं मी चालवून घेतलं असतं, हे नाही जमलं. ओरडून पण उपयोग नाही, पोरगा मेहनती आहे, फक्त बॉलशिवाय खेळायची सवय नाही.

अमेरिकेच्या एनबीए लीगमधल्या २००४ च्या लेकर्सचं बघा ना, शॅक, कोबी, मलोन, पेटन असे चार स्टार एका टीममध्ये आणि फायनलला डेट्रॉइटकडून ४-१ ने हरले. मलोनचा गुडघा दुखावलेला होता हे मान्य, पण तरी. उलट २०१५ ला वॉरियर्स फायनलमध्ये २-१ ने मागे होते, बोगटच्या जागी इग्वाडालाला सुरुवातीला घेतलं, सीझनभर एकदाही तो पहिल्या पाचात नव्हता, आणि पुढच्या तिन्ही मॅच जिंकल्या, फायनलचा एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू, पण तोच.

आम्ही मग दोघांतला एक बाकावर ठेवला आणि स्क्रीन लावणारा (डिफेंडरच्या वाटेत उभं राहून आपल्या माणसाला मोकळं करणारा), रिबाउंडला, म्हणजे हुकून परत आलेल्या बॉलला, अंग घालणारा एक पोरगा घेतला. जुळणारी पाच म्हणजे नुसते लांबून तीन पॉइंटचे थ्री मारणारे भरा असं मात्र आमच्याकडे चालत नाही, उघडं कोर्ट, संध्याकाळी समुद्रावरून वारा सुटला की थ्रीच्या रेषेवरून, ६.७५ मीटरवरून मारलेला बॉल हवेतच सरकतो. इथे बॉल नसताना रिंगकडे कट मारणारा जास्त कामाचा.

प्रॅक्टिसला दोनच दिवस असतील तर भारी पाच घ्या, मी नाही म्हणणार नाही. महिनाभर हातात असेल तर माझं मत दुसरीकडे. बाकावर बसवलेला पोरगा आठवडाभर माझ्याशी नीट बोलला नाही, पण दुसऱ्या क्वार्टरला उतरल्यावर पहिल्यांदाच त्याला पेंट, म्हणजे रिंगखालचा भाग, मोकळा मिळाला, सरळ आत गेला, लेअप.