लंगडणारी तलंग आणि 8,050 रुपये

परसातल्या एका लंगडणाऱ्या तलंगेच्या, म्हणजे तरुण कोंबडीच्या, निमित्ताने माझी 8,050 रुपयांची फसवणूक झाली. तपासणीची फी 300, इंजेक्शनच्या कोर्सचे 2,400, औषध पाठवायच्या बर्फाच्या पेटीचे 850 आणि लस दिलेल्या दहा तलंगांसाठी आगाऊ 4,500, असा हा हिशेब आहे. चारही वेळा मोबाइलवरून पैसे मी माझ्याच हाताने पाठवले आणि लाज वाटते ती याचीच.

सांगली जिल्ह्यातल्या आमच्या घरामागे नऊ कोंबड्या आणि एक कोंबडा आहे. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात त्यातली करडी तलंग डावा पाय टेकेनाशी झाली. दोनच दिवसांत बाकीच्या कोंबड्या तिला दाण्याजवळ फिरकू देईनात, आणि तांबड्या कोंबडीने तर तुऱ्यामागची कातडी टोचून टोचून रक्त काढले. शेजारीपाजारी "कापून टाका" म्हणत होते. पण खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवून, एकवीस दिवस राखण करून वाढवलेली ही तलंग कापायला माझे मन धजेना. सरकारी दवाखान्यात गेले, तर दाराला कुलूप होते. तिथल्या डॉक्टरांकडे आणखी दोन गावांचा कार्यभार आहे. त्याच संध्याकाळी मोबाइलवर "लंगड्या व मार खाणाऱ्या पक्ष्यांवर खात्रीशीर इलाज" असा मजकूर आला आणि मी त्या नंबरवर फोन केला. माझ्या जागी दुसरे कोणी असते तर त्यानेही केला असता, असे मला आजही वाटते.

स्वतःला डॉक्टर म्हणवणाऱ्या त्या माणसाने अकरा सेकंदांचा व्हिडिओ पाहून "मरेक्स" (कोंबड्यांचे पाय लुळे करणारा विषाणूजन्य रोग) असे निदान केले. निरोगी पक्ष्यांना रोग आधी कळतो, म्हणूनच त्या तिला टोचत आहेत, हाच पुरावा आहे, असे तो ठामपणे म्हणाला. हे अर्धसत्य आहे, आणि म्हणूनच मी त्याला बळी पडले. पाय काट्याने दुखत असो की रोगाने, कळप दुबळ्या पक्ष्याला मारतोच. त्यावरून रोगाचे नाव ठरत नाही.

मला खरी चीड येते ती याच्या पुढच्या क्षणाची. मरेक्सची लस पिल्लाला हॅचरीत पहिल्याच दिवशी टोचतात आणि रोग जडल्यावर त्याला औषध नाही, हे मी एका प्रशिक्षणात माझ्याच वहीत लिहून घेतले होते. त्याने "तीन इंजेक्शनांत मरेक्स बरा होतो" असे म्हटले, तेव्हा ती वही समोरच्या फळीवर होती. ती उघडली असती तर माझे फक्त 300 रुपये गेले असते. दुसरी गोष्ट त्याहून साधी आहे: त्याने एकदाही "तिचा तळवा दाखवा" असे म्हटले नाही. लंगडणाऱ्या कोंबडीचा पाय उलटून न पाहता निदान सांगणारा माणूस डॉक्टर नव्हे.

बर्फाच्या पेटीसाठी 850 रुपये घेतल्यावर जे आले, ते साधे कुरिअरचे पाकीट होते. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेली, लेबल नसलेली, पिवळसर पाण्याची बाटली होती आणि ती हाताला गरम लागत होती. तरीही, आठ दिवसांत सगळा कळप आडवा होईल या त्याच्या धमकीने घाबरून मी त्यानंतर 4,500 रुपये पाठवले. तलंगा आल्या नाहीत आणि फोन बंद झाला.

पुढच्या आठवड्यात दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तलंगेला उताणी धरून तळवा पाहिला. मधोमध काळी खपली होती, भोवती सूज होती आणि आत बाभळीचा काटा होता. त्यांनी काटा काढला, आतला घट्ट झालेला पू साफ केला, आयोडिन लावून पट्टी बांधली आणि पाच दिवसांचे औषध दिले. मरेक्समध्ये बहुधा एक पाय पुढे आणि एक मागे ताणला जातो. हिने मात्र दुखरा पाय फक्त उचलून धरला होता.

म्हणून सांगते, कोंबडी लंगडू लागली की रात्री ती शांत असताना बॅटरीच्या उजेडात आधी दोन्ही तळवे पाहा. रक्त दिसताच तिला वेगळी करा, कारण लाल रंग दिसला की सगळ्या तिथेच टोचतात. मात्र तिला नजरेआड करू नका. मध्ये जाळी ठेवून कळपाला दिसेल अशी ठेवा, नाहीतर परतल्यावर तिला परकी समजून पुन्हा मारतील. आणि उपचार सांगणाऱ्याला राज्य पशुवैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. मी तो विचारला नाही.

आता तक्रारीविषयी. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न "कोंबडीसाठी आलात?" असा होता. मग मला जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवण्यात आले. तिथून "रक्कम लहान आहे, स्थानिक ठाण्यातच द्या" म्हणून परत पाठवले. परतल्यावर संबंधित साहेब बंदोबस्तावर होते. फसवून पैसे द्यायला लावणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली दखलपात्र गुन्हा आहे आणि गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी त्याची माहिती नोंदवून घ्यावी लागते, हे मी वाचून दाखवले, तेव्हा "तुम्हीच लिहून आणा" असे उत्तर मिळाले. बँकेने पैसे मी स्वतः पाठवल्याचे कारण सांगून हात झटकले. पशुसंवर्धनाच्या कार्यालयात हा खाजगी व्यवहार असल्याचे सांगण्यात आले. नोंदणी नसलेला माणूस डॉक्टर म्हणून इंजेक्शने विकतो, हे खाजगी कसे? आठ हजारांची तक्रार लहान म्हणून कोणी घेणार नसेल, तर तो माणूस रोज कोणाला तरी आठ हजार रुपयांनाच फसवील. पैसे गेल्याचे लक्षात येताच त्याच तासात सायबर फसवणुकीच्या 1930 या मदत क्रमांकावर फोन करा. मी लाजेपायी सहा दिवस गप्प बसले, आणि तोवर त्या खात्यात काही उरले नव्हते.

तांबडीला पाच दिवस डालग्याखाली वेगळी ठेवली, दाण्याची भांडी दोन केली आणि करडीला रात्री अंधारात खुराड्यात सोडले. आता ती दोन्ही पाय टेकते. लेबल नसलेली बाटली, कुरिअरचे पाकीट आणि चारही व्यवहारांचे छापील कागद पिशवीत भरून ठेवले आहेत. सोमवारी लेखी तक्रार घेऊन मी पुन्हा पोलीस ठाण्यात जाणार आहे आणि पोच घेतल्याशिवाय तिथून उठणार नाही.